बाटली रिकामी दिसता कामा नये

फोन उचलल्याबरोबर पलीकडून कुणी "ही लघवी पाठवलीत की गटाराचं पाणी?" असं ओरडलं, की समजायचं, जंतूबाई. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट तोफ. मी नवजात बाळांच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. माझ्याकडे काचेच्या पेटीत ठेवलेली बाळं असतात, दिवस भरायच्या आधीच घाई करून आलेली, त्यांच्याजवळ आम्ही पावलंसुद्धा जपून टाकतो. आणि तिथे टेबलावरच्या फोनमधून ही बाई बोंबलणार! मी कितीदा तो फोन हातभर लांब धरून ऐकलाय, तरी एक शब्द सुटलेला नाही.

तिचं खरं नाव तिच्या दारावरच्या पाटीवर आहे. पण पाटी जिन्याखालच्या बोळात, तिथला दिवा कायमचा गेलेला, त्यामुळे ती कुणी वाचलेली नाही. सगळं हॉस्पिटल तिला जंतूबाईच म्हणतं. तिला ते माहीत आहे. एकदा एका नव्या वॉर्डबॉयने तिलाच विचारलं, "जंतूबाई कुठे बसतात?" तर म्हणाली, "जंतूंच्या मांडीला मांडी लावून बसते, ये आत." पोरगा सॅम्पल दाराशी ठेवून पळाला.

ती डॉक्टर आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तिच्या घरच्यांनाही ते पटलेलं नाही. डॉक्टरकी झाल्यावर वर आणखी कित्येक वर्षं फक्त जंतू आणि विषाणू शिकली. कुणाच्या रक्तात काय वाढतंय, कुठलं औषध त्याला मारेल, कुठलं फुकट जाईल, हे सांगणारी ती. पेशंटचं तोंड बघत नाही, पेशंटही तिचं बघत नाही. तिची सासू सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरायची, "सून डॉक्टर आहे हो, पण शेजारणीला ताप आला तर दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवते. असला कसला डॉक्टर! आचारी असून उपाशी ठेवण्यातला प्रकार."

विषाणूची साथ आली त्या वर्षी मात्र गावातला प्रत्येक रिपोर्ट हिच्या जिन्याखालून बाहेर पडायचा. त्याच बिल्डिंगवाल्यांनी तिला सांगितलं, बाई, तुम्ही लिफ्ट वापरू नका, जिन्याने जा. ही महिनोन्महिने पाच मजले चढायची. आणि त्यातल्या एकाला खोकला झाला तेव्हा त्याचाच फोन: "मॅडम, आमचा रिपोर्ट जरा लवकर बघता का?" तिने रिपोर्ट लवकर दिला. वर विचारलं, "लिफ्टने पाठवू की जिन्याने?" हे तिच्या नवऱ्याने मला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो, घरचा स्वयंपाकही तोच करतो, आणि बायकोच्या रागाबद्दल विचारलं की म्हणतो, "बाहेर ओरडते म्हणून घरी शांत असते. तुम्हा लोकांचे उपकार आहेत."

आणि का ओरडू नये तिने? पेशंट बरा झाला की नातेवाईक फुलांचा गुच्छ घेऊन सर्जनच्या खोलीत. त्या सर्जनला "हे औषध बंद कर, ते चालू कर, नाहीतर माणूस हातचा जाईल" हे फोनवर कुणी सांगितलं? जिन्याखाली गुच्छ काय, साधी पाकळी कधी पोचली नाही. पोचतं ते उन्हात ठेवलेलं रक्त, झाकण न लावलेली थुंकी आणि "रिपोर्ट अजून का नाही?" हा प्रश्न. जंतू काय हुकमावर वाढतात? पेरलं की उगवायला वेळ लागतोच ना! एवढं साधं समजत नाही आणि म्हणे मोठे डॉक्टर.

हे सगळं मी आज तिच्या बाजूने बोलतेय. तेव्हा नव्हते बोलत. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, ती नुसती वर आलेली दिसली तरी.

वर आली ती एका सकाळी. आधी फोन आला, आणि मी सवयीने तो लांब धरला. पण ओरडणं नव्हतं. हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, तुमच्या तीन बाळांच्या रक्तात एकच जंतू वाढलाय. तिघांच्याही. मी येतेय." तो हळू आवाज ऐकून मी फोन कानाला घट्ट लावला. तीन पेट्यांत तीन वेगवेगळी बाळं, एकमेकांना कधी शिवलेली नाहीत. एकाचं दुसऱ्याला गेलं, ते पाय फुटून तर गेलं नाही.

आली ती कोटाचे दोन्ही खिसे फुगवून. खिशात चपट्या गोल प्लास्टिकच्या बश्या, आत खळीसारखा घट्ट थर, त्यावर जंतू वाढतात. चालताना त्या खिशात खडखड वाजतात, म्हणून ती येतेय हे आधी कळतं. तिने आधी बाळांची औषधं बदलायला लावली. मग कापसाच्या काड्या घेऊन सगळा वॉर्ड पुसत सुटली. पेट्यांच्या काचा, वजनकाटा, नळाची तोंडं, दुधाच्या वाट्या, दरवाज्याच्या मुठी. माझी खुर्चीसुद्धा पुसली बाईने! मी म्हटलं, "मॅडम, माझा वॉर्ड अख्ख्या हॉस्पिटलात स्वच्छ आहे. इथे जमिनीवर जेवायला बसा." ती म्हणाली, "जेवण नकोय. जंतू हवाय."

मिळाला नाही. सगळं स्वच्छ आलं. मला मनातून बरं वाटलं, म्हटलं, बस आता नाकाने कांदे सोलत. पण चौथ्या बाळाला ताप चढला, आणि पहिल्या तिघांतलं एक गेलं.

त्या बाळाला त्याची आई पिल्लू म्हणायची. बाई जिन्याजवळच्या बाकावर बसायची, हिरवी शाल गुंडाळून, दूध काढून वाटीत द्यायची आणि आत नेणाऱ्या नर्सला दर वेळी विचारायची, "आज डोळे उघडले का गं?" ती आत नेणारी नर्स बहुतेक वेळा आमची खारूताई असायची. खारूताई म्हणजे माझी सगळ्यात चांगली स्टाफ. तिशीची, बारकी, चालणं म्हणून नाहीच, सगळी धाव. कामात एवढी काटेकोर की बाकीच्या तिला वैतागायच्या. एका बाळाकडून दुसऱ्या बाळाकडे जाताना कोपरापर्यंत हात धुणार, बोटांच्या बेचक्या चोळणार, पुन्हा धुणार. धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली होती, बोटांच्या सांध्यांवर भेगा, त्यातून कधीकधी रक्त यायचं. मी म्हणायचे, "अगं, हात आहेत की पाटा-वरवंटा? मलम लाव." तर म्हणायची, "मलम लावलं की पुन्हा धुवावं लागतं, सिस्टर."

पिल्लू गेलं त्या दिवशी त्याला कापडात गुंडाळून आईच्या हातात दिलं तेही खारूताईनेच. मला ते जमलं नाही. एवढी वर्षं झाली या कामात, तरी जमत नाही.

जंतूबाई दुसऱ्या दिवशी परत आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आता हात. सगळ्यांचे. धुण्याआधी एका बशीवर टेकवायचा, धुतल्यावर दुसऱ्या."

माझ्या नर्सा खवळल्या. आम्हालाच चोर ठरवता? बाळ दगावलं म्हणून आमच्या हातांचे ठसे घेणार, गुन्हेगारांसारखे? मीही बोलले, नको नको ते बोलले. ती ऐकून घेत होती आणि बश्यांची झाकणं उघडत होती. तेवढ्यात मोठे साहेब राउंडला आले. हॉस्पिटलचे मुख्य. त्यांचा राउंड म्हणजे दारातून बघायचं, मान हलवायची आणि पुढच्या वॉर्डाला जायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते. जंतूबाईने त्यांच्यापुढेही बशी धरली. "साहेब, हात टेकवा."

"मी?" साहेब हसले. "मी कुठे बाळांना हात लावतो?"

"मीही नाही लावत. मी टेकवलाय."

"तुमचं चालू द्या," म्हणाले, आणि हात पाठीमागे बांधून निघून गेले.

बश्या खाली गेल्या. चार दिवसांनी तिने मला खाली बोलावलं, त्या अंधाऱ्या बोळात. टेबलावर सगळ्या बश्या मांडलेल्या. म्हणाली, हा जंतू कपाटातल्या उबेत फिकट दिसतो, उघड्या टेबलावर ठेवला की रंग धरतो, म्हणून मुद्दाम बाहेर ठेवल्यात. धुण्याआधीच्या बश्यांवर इकडेतिकडे चार ठिपके, पांढरे, पिवळे, कुणाच्याही हातावर असतात तसे. आणि धुतल्यानंतरच्या बश्या लाल. पाच बोटं उमटलेली, लालभडक. माझीही.

मी म्हटलं, "उलट्या ठेवल्यात तुम्ही. धुण्याआधीच्या या असणार."

"मीही तेच म्हटलं. म्हणून तुमच्या नळावर येऊन पुन्हा करून बघितलं, माझ्याच हातावर. बरोबर आहेत." मग एक बशी पुढे सरकवली. ती सगळ्यात लाल, बोटं वेगळी दिसतच नव्हती. "ही कुणाची?"

मागच्या चिठ्ठीवर बघायची गरज नव्हती. भेगांच्या रेघासुद्धा उमटल्या होत्या. खारूताईची.

जंतूबाईने डोकं दोन्ही हातांत धरलं. "जी जास्त धुते तिच्या हातावर जास्त. सिस्टर, साबण कुठून येतो तुमचा?"

नळाशेजारी बाटली असते. वरून दाबलं की पातळ साबण येतो. म्हटलं, त्यातूनच, तुम्हीही दाबलीच असेल.

"ती कधी धुता?"

"धुणार कधी? रिकामी झाली तर धुणार ना. ती रिकामी होत नाही."

"का होत नाही?"

आता ही गोष्ट आमच्या हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत, तिलाच माहीत नव्हती, कारण तिच्या जिन्याखाली ती बाटलीच कधी कुणी दिली नाही, ती घरून साबणाची वडी आणते. फार वर्षांपूर्वी वरून तपासणीला लोक आले होते. त्यातल्या एका बाईने आमच्या नळावर बाटली दाबली, आणि नुसती हवा आली, फुस्स. बाई साहेबांकडे बघून हसली. झालं! साहेबांचा अपमान. दुसऱ्या दिवशी हुकूम: कुठल्याही वॉर्डात साबणाची बाटली रिकामी दिसता कामा नये. त्या दिवसापासून रोज सकाळी मावशी मोठा कॅन घेऊन येते, झाकण फिरवते, वरून गळ्यापर्यंत भरते, झाकण लावते. बाटली सदा भरलेली. तळाचा साबण कुठल्या सालातला आहे, देवाला ठाऊक.

मी हे सांगत गेले आणि सांगता सांगता माझाच आवाज खाली गेला. जंतूबाई उठली, वर आली, बाटली उपटली, झाकण काढून तिने आत वाकून बघितलं. मग मला दाखवलं. तळाला, नळीच्या आजूबाजूला, गुलाबी शेवाळ्यासारखं चिकटलेलं.

"काखेत कळसा," ती म्हणाली, आणि मग जी ओरडली! या वेळी आमच्यावर नाही. त्या बाटलीवर, त्या हुकमावर, स्वतःवर. "मुठी पुसल्या, खुर्च्या पुसल्या, आणि साबण नाही बघितला! साबण!" पेट्यांतली दोन बाळं दचकून रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही.

त्याच दिवशी सगळ्या वॉर्डांतल्या सगळ्या बाटल्या कचऱ्यात गेल्या. हातांना स्पिरिट आलं, साबणाच्या नव्या, एकदा संपली की फेकायच्या पिशव्या आल्या. नवीन बाळ आजारी पडलं नाही, आणि बाकीची तिन्ही पेटीबाहेर आली. मला वाटलं, सुटलो. कुठलं! एक बाळ गेलं होतं. कुणाच्या तरी गळ्यात ते घालायला हवं होतं.

साहेबांनी बैठक बोलावली. दोन मोठे डॉक्टर, मी, जंतूबाई. खारूताईला दाराबाहेर उभं केलेलं, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखं.

साहेब जंतूबाईला अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्या तपासणीबद्दल अभिनंदन. फक्त दोन गोष्टी स्पष्ट करा. जंतू हातांवर सापडला?"

"सापडला."

"सगळ्यात जास्त कुणाच्या हातावर?"

जंतूबाईला कळलं, मलाही कळलं. तिचीच बशी, तिचाच शोध, आणि त्याच दोरीने खारूताईला बांधायचं चाललेलं.

"तुमच्याच रिपोर्टात लिहिलंय," साहेब म्हणाले. "ते बाळही तीच बघत होती. मग प्रश्न मिटला. एका कर्मचाऱ्याच्या हातांमुळे संसर्ग झाला. तुम्ही तेवढं सांगा. तिला काढून टाकू, विषय संपवू."

मी मध्येच म्हटलं, "साहेब, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

जंतूबाईने खिशातून दोन बश्या काढल्या आणि त्यांच्या गुळगुळीत टेबलावर आपटल्याच. "ही बघा. हा कुणाचा हात?"

"असेल एखाद्या नर्सचा."

"माझा. ही धुण्याआधी, ही त्या नळावर धुतल्यानंतर. मी एकाही बाळाला शिवलेली नाही, मी जिन्याखाली बसते. तरी हात लाल झाला. काढा मलाही." तिचा आवाज चढत चालला. "तिने नियम पाळला म्हणून तिच्या हातावर जास्त आलं. आळशी असती तर निर्दोष ठरली असती! तुमच्या हुकमात बाटली धुवायचं कुठे लिहिलं होतं? ती कशी दिसावी ते लिहिलं होतं. भरलेली दिसायला हवी! आत काय वाढतंय याच्याशी कुणाला काय देणंघेणं?"

"आवाज खाली, मॅडम."

"नाही होणार खाली. आणि तुम्ही तिला काढलंत तर या बश्या घेऊन मी तुमच्या वरच्यांकडे जाईन. तिथेही एवढ्याच आवाजात बोलेन."

बाकीचे दोन डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. साहेबांनी पेन खाली ठेवलं. शेवटी म्हणाले, ठीक आहे, कुणावर ठपका नको, तांत्रिक कारण म्हणू. नर्सची नोकरी राहील. वातावरण निवळेपर्यंत तिला कपड्यांच्या खोलीत बसवा, बाळांजवळ नको. आणि नातेवाइकांशी कुणीही एक अक्षर बोलायचं नाही.

करून सवरून नामानिराळे! मी बाहेर येऊन खारूताईला सांगितलं, नोकरी वाचली गं. तिने मान हलवली. हसली नाही.

कारण बाहेर काय पसरलं होतं, ते तिला आमच्या आधी कळलं होतं. साहेबांच्या ऑफिसातल्या कुणीतरी पिल्लूच्या आईला बैठकीच्या आधीच सांगून ठेवलं होतं, की एका निष्काळजी नर्सने हात न धुता बाळाला हात लावला. हात न धुता! त्या आईच्या डोळ्यांपुढे खारूताईशिवाय दुसरी कुठली नर्स येणार? रोज दूध न्यायला येत होती ती. बाई पुन्हा त्याच बाकावर येऊन बसायला लागली, तीच हिरवी शाल. आता काढायला दूध नव्हतं, न्यायला बाळ नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "ती खारीसारखी पोरगी कुठे आहे? मला तिला एकदा बघायचंय." आणि खारूताई मागच्या फाटकाने येऊन कपड्यांच्या खोलीत दार लावून चादरींच्या घड्या घालत बसायची.

मी एकदा आत गेले तर घड्याही घालत नव्हती. हात मांडीवर उताणे ठेवून बघत बसलेली.

"सिस्टर, खरं सांगा. गेलं ते माझ्याच हातांनी ना?"

"मूर्ख आहेस का तू?" मी तिच्यावर ओरडले, खरंच ओरडले. "डोळ्यांत तेल घालून बघितलंस त्या पोराला. बाटली तू भरलीस? हुकूम तू काढलास?"

"बाटली मी दाबली."

मी तिला दंडाला धरलं आणि सरळ जिन्याखाली नेलं. म्हटलं, मला कोण विचारतं, हे हिनेच सांगावं. जंतूबाई फ्रीज उघडून उभी होती. मी सगळं सांगितलं: बाक, शाल, निष्काळजी नर्स. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता फ्रीजचं दार मोडणार. तिने ते हळूच लावलं.

"कुठे बसते ती?"

"मॅडम, नातेवाइकांशी बोलायचं नाही असा हुकूम..."

"आणखी एक हुकूम ना? चला."

एवढ्या वर्षांत मी तिला कुठल्याही पेशंटच्या माणसाशी बोलताना बघितलं नव्हतं. बाकासमोर जाऊन उभी राहिली आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी खिशात घातले. बश्या खडखडल्या. खारूताईला मी जिन्याच्या आड थांबवलं.

"मी इथली डॉक्टर आहे," जंतूबाई म्हणाली.

बाईने वर बघितलं. "माझ्या बाळाला बघायला कधी आला नाहीत."

"मी बाळं बघत नाही. त्याचं रक्त मी बघितलं."

मग तिने सांगितलं. शेजारी बसून, साध्या शब्दांत, काही न लपवता. साबणाच्या बाटलीत जंतू वाढत होता. ती वर्षानुवर्षं वरून भरली जायची, कधी धुतली नाही, कारण ती रिकामी दिसू नये असा हुकूम होता. हात धुतला की जंतू हातावर यायचा, हातावरून बाळाकडे. तुम्हाला सांगितलं ते खोटं आहे. त्या नर्सने हात धुतले. सगळ्यांहून जास्त धुतले.

बाई ताडकन उठून उभी राहिली. "मग तुम्हाला आधी का नाही कळलं? तुम्ही रक्त बघत होतात ना? माझं पोर पेटीत तळमळत होतं, तेव्हा तुम्ही काय बघत होतात?" अख्ख्या जिन्यावर आवाज घुमला. लोक थांबून बघायला लागले. "एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात एका माणसाला बाटली धुवायची अक्कल नाही?"

मला वाटलं, आता ही पण ओरडणार, दोघींची जुंपणार. जंतूबाई ओरडली नाही. म्हणाली, "कळायला हवं होतं. मी सगळं तपासलं आणि साबण सोडला. ते माझं काम होतं. तुम्ही बोला, अजून बोला."

बाई बोलली. खूप बोलली. जे बोलली ते सगळं बरोबर होतं. मग दम लागून खाली बसली आणि म्हणाली, "तिला बोलवा."

खारूताई आडून बाहेर आली. बाईने तिच्याकडे बघितलं नाही, म्हणाली, "हात दाखव."

खारूताईने दोन्ही हात पुढे केले. सोललेले, सांध्यांवर उललेले, नखांच्या कडा लाल. बाई कितीतरी वेळ बघत राहिली. मग एका भेगेवरून अंगठा फिरवला.

"एवढे धुतलेस गं?"

खारूताईने मान हलवली.

"दर वेळी?"

"दर वेळी. डोळे उघडले का बघायच्या आधीसुद्धा."

बाईने ते हात आपल्या शालीत घेतले आणि धरून बसली. रडली नाही, कुणीच रडलं नाही, मी सोडून. मग तिने मान वर करून जंतूबाईला विचारलं, "आणि तो हुकूम ज्याने काढला, त्याचे हात कसे आहेत?"

"माहीत नाही," जंतूबाई म्हणाली. "मी मागितले होते. दिले नाहीत."

"मला देईल," बाई म्हणाली, आणि उठली.

साहेबांच्या दाराबाहेर शिपाई असतो. तो म्हणाला, साहेब कामात आहेत, कुणालाही आत सोडायचं नाही. मी म्हटलं, "बाजूला हो रे," आणि दार ढकललं. आधी बाई आत गेली, खारूताईचा हात धरून. तिच्यामागे जंतूबाई. जाता जाता तिने खिशातून एक कोरी बशी काढली आणि तिचं झाकण उघडलं.